तीन ‘सा’चं गाणं आणि रघुनाथरावांचे दात

मे महिन्यात आमच्या गल्लीतली माणसं कुठे कुठे जाऊन आली. कुणी काश्मीर, कुणी केरळ, समोरचे तर थायलंड. “आणि अक्का, तुम्ही?” असं विचारलं की मी मान ताठ करून सांगते, “मोहन्याला.” पुढचा प्रश्न ठरलेला. हे कुठे आलं? मी सांगते, कल्याणच्या पलीकडे, उल्हास नदीच्या अंगाला, जुन्या रेयॉनच्या कारखान्यापाशी. मग समोरचा “हो का” म्हणतो आणि मोबाइलमध्ये बर्फ दाखवायला लागतो. दाखव बाबा, दाखव. पण मी तिथे एकामागून एक जे धक्के खाल्ले त्यातून अजून पुरती सावरलेली नाही, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

मी मिरजेची. पेटी वाजवते, पेटी शिकवते, भजनी मंडळांना साथ करते. माझी धाकटी बहीण मंगल लग्न होऊन मोहन्याला गेली. तिचे यजमान रघुनाथराव कारखान्यात होते आणि लग्नसराईत कल्याणच्या एका बँडात सॅक्सोफोन वाजवायचे. पुढे कारखाना बंद पडला, बँड तेवढा राहिला. एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. “अक्का, एक गाणं आहे. मला साथ कराल का? फक्त एकदा.”

रघुनाथराव कुणाकडे काही मागणारे नव्हेत. मी लगेच हो म्हटलं. मग त्यांनी गाणं पाठवलं, ते ऐकलं, आणि मी जीभ चावली.

नमनाला घडाभर तेल नको, पण एवढं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कारखान्यातल्या एका गोव्याच्या फोरमनने रघुनाथरावांना तरुणपणी एक कॅसेट दिली होती. तिच्यात अमेरिकेतल्या एका थोर सॅक्सोफोनवाल्याचं, जॅझमधलं फार गाजलेलं गाणं होतं. शब्द नाहीत, नुसतं वाजवणं. आपल्याकडे गवई एक ‘सा’ धरतो आणि मैफल उठेपर्यंत तो ‘सा’ जागचा हलत नाही. ह्या गाण्यात ‘सा’ तीन! पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर पांढरी सात, पांढरी पाच आणि काळी दोन. सप्तकाचे तीन सारखे तुकडे केले तर जिथे पडतील तिथे. आणि एका ‘सा’वर बूड टेकतंय न टेकतंय तोच गाणं दुसऱ्यावर गेलेलं असतं, भाडेकरूने सामान सोडायच्या आत मालकाने “उठा” म्हणावं तसं. त्यात वेग असा की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. साथीदाराने ह्या तिन्ही ‘सा’च्या घरांच्या कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकदम, पळत पळत द्यायच्या. सॅक्सोफोनवाल्याने आधी मूळ चाल वाजवायची आणि मग त्याच वाटेवर, त्या क्षणी सुचेल ते नवीन वाजवत सुटायचं. घर बदललं की तानही त्या घरची झाली पाहिजे, आणि वाट कुणासाठी थांबत नाही. रघुनाथरावांनी मला सांगितलं की मूळ रेकॉर्डमधला पियानोवालासुद्धा स्वतःच्या पाळीला चक्क अडखळलाय, आणि ते तसंच ठेवलंय. ऐकून मला इतका धीर आला म्हणता!

रघुनाथराव हे गाणं कॅसेटबरोबर, घराच्या गॅलरीत, एकटे वाजवत आले होते. केस पिकले, पण जिवंत माणसाबरोबर एकदाही नाही. बँडातल्या पोरांना वरातीची गाणी येतात, त्यांना ह्यात रस नाही. म्हणून मी.

महिनाभर मी माझ्या शिकवणीच्या जुन्या पेटीवर घाम गाळला. बोटं वळायला लागली. मग मी रघुनाथरावांना फोनवर तो प्रश्न विचारला जो आमच्याकडचा कुणीही साथीदार पहिला विचारतो. “तुमचा सा कुठला?”

“तसे तीन आहेत, अक्का. सुरुवात पांढरी सातवरून होते.”

मी ऐकलं फक्त शेवटचं. माझी चांगली पेटी उचलली आणि आमच्या कारागिराकडे नेऊन तिचे सूर पांढरी सातला शुद्ध करून घेतले. कुणालाही न सांगता. म्हटलं, माणूस आयुष्यात एकदा मागतोय, तर सूर कसे लखलखीत हवेत. पेटी हातात मिळाली ती निघायच्या आदल्या दिवशी. तानपुऱ्याबरोबर सात सूर वाजवून पाहिले, डोळ्यांत पाणी आलं, आणि पेटी बांधली.

कल्याण

कल्याणला उतरून बाहेर पडलं की आधी नाकाला कळतं आपण कुठे आलो ते. कांदा, झेंडू आणि डिझेल, सगळं एकाच श्वासात. आमच्या मिरजेच्या बाजारात माणूस भाव करताना निदान “बसा की” म्हणतो. इथे बसायला सांगायला कुणाला वेळ नाही. रिक्षावाले तुम्हाला विचारत नाहीत, तुमच्या सामानाला विचारतात. “पेटी किधर जायेगी?”

रघुनाथराव घ्यायला आले होते. खूप वाळलेले दिसले. मी म्हटलं, “काय हो, बहीण जेवायला घालत नाही का माझी?” एरवी हा माणूस असा हसायचा की बत्तीसच्या बत्तीस दात मोजून घ्यावेत. आज तोंडावर रुमाल धरून नुसते “चला, अक्का” म्हणाले. मला वाटलं, धुळीमुळे असेल.

मोहने

मोहन्याला रिक्षा शिरते तेव्हा डाव्या-उजव्या हाताला आता इमारतीच इमारती दिसतात. मधेच कारखान्याची लांब भिंत लागते, आत झाडी माजलेली. मंगल सांगते की पूर्वी भोंगा झाला की आख्खं मोहने घड्याळं लावायचं. आता कुणी कशालाच लावत नाही.

मी मिरजेहून भडंग नेलं होतं, भरपूर शेंगदाणे आणि लसूण घातलेलं. रघुनाथराव म्हणजे घरात पाऊल पडताच पिशवी फोडणारा माणूस. ह्या खेपेला त्यांनी पिशवी हातात घेतली, वास घेतला आणि फडताळात ठेवून दिली. मला राग आला. जेवायला बसलो तर ताटात गुरगुट्या भात, पातळ वरण, कुस्करलेली भेंडी. मोठी बहीण एवढ्या लांबून आली आणि हे जेवण? मी म्हटलंच, “मंगल, मी आजारी आहे असं कुणी सांगितलं तुला?”

मंगलने पळी खाली ठेवली. “अक्का, ह्यांना नाही चावता येत. सोमवारी डोंबिवलीला जायचंय, दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. हिरड्या गेल्यात. वरचे सगळे दात काढायचे आणि कवळी बसवायची.”

“तू मला बोलली का नाहीस?”

“हे नको बोललेले. बोलले, कळलं तर अक्का यायच्याच नाहीत, मला दगदग नको म्हणून.”

माझ्या हातातला घास तसाच राहिला. कारण सॅक्सोफोन नुसत्या फुंकरीने वाजत नाही हो. त्याचं ते काळं टोक, माउथपीस, वरच्या दातांखाली घट्ट धरावं लागतं. दात हलला की सूर हलतो. दात नाहीत तर पकड नाही. “कवळीने नाही का धरता येत?” मी विचारलं.

रघुनाथराव पहिल्यांदा मोकळे बोलले. “कवळी डुगडुगते, अक्का. अन् आमच्या बँडात रीतच आहे. ज्याचे दात गेले त्याच्या हातात खुळखुळा देतात. काढत नाहीत कुणाला. गणवेश तोच, टोपी तीच. नुसता खुळखुळा.” मग म्हणाले, “रविवारी दुपारी इथे गॅलरीत वाजवू. चार शेजारी येतील. एकदा वाजवलं की मग काय काढायचेत ते काढू देत.”

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, असं आपण म्हणतो. इथे चणे पेटी घेऊन दारात आले होते आणि दातांना दोन दिवस उरले होते. मला रडू यायला लागलं म्हणून मी मंगलवर ओरडले.

शनिवारी सकाळी तालीम. पेटी उघडली. रघुनाथरावांनी सॅक्सोफोन गळ्यात अडकवला, डोळे मिटले, पायाने ठेका दिला. पहिली कॉर्ड, पांढरी सात. अहाहा! इतकी स्वच्छ की मंगल स्वयंपाकघरातून बाहेर आली. दुसरं घर, पांढरी पाच. तेही सुरेख. मी मनात म्हटलं, बघा, मिरजेचं काम! तिसऱ्या घराचा उंबरठा आला आणि पेटी किंचाळली.

किंचाळली म्हणजे अक्षरशः. काळी दोनच्या घरात शिरल्याबरोबर दोन मांजरं एकाच पिशवीत कोंडावीत असा आवाज. मला वाटलं, बोट चुकलं. पुन्हा सुरुवात केली. पहिल्या घरात स्वर्ग, दुसऱ्यात स्वर्ग, तिसऱ्यात तीच मांजरं. समोरच्या गॅलरीतून एका बाईंनी डोकावून विचारलं, “ओ, काय पडलं का?”

आणि मग माझ्या लक्षात आलं. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ती खरंच सरकते, मी अनुभवलंय.

साध्या पेटीतले बारा सूर एकमेकांपासून सारख्या अंतरावर बसवलेले असतात. प्रत्येक सूर केसभर चुकीचा, पण सगळे सारखेच चुकीचे, म्हणून कुठलाही सूर ‘सा’ करा, चालतं. आमच्या कानांना तो केस टोचतो. म्हणून आम्ही कानस मारून मारून एका ‘सा’ला सगळे सूर शुद्ध करून घेतो. पण मग ती पेटी त्या एका ‘सा’ची होते, दुसऱ्या कुणाची राहत नाही. आणि मी ती नेली होती कुठे? तीन ‘सा’च्या गाण्याला! माझा शुद्ध गांधार जाऊन बसला होता तिसऱ्या घराच्या ‘सा’च्या जागी, आणि त्या घराच्या बाकी सुरांशी त्याचं हाडवैर होतं.

कपाळ माझं! कुणी सांगितलं होतं? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी ढसाढसा रडले. रघुनाथराव बिचारे “टेन्शन नका घेऊ, अक्का” म्हणत पाठीवरून हात फिरवत होते. मंगल मात्र माझीच बहीण. “तुला कुणी बोललेलं का, पेटी बदल म्हणून? अति शहाणा त्याचा बैल रिकामा!”

दुसरी पेटी शोधायला मंगल आणि मी कल्याण पालथं घातलं. लग्नसराई. भाड्याचे कीबोर्ड हळदीला गेलेले. एक पेटी मिळाली तिचे तीन सूर मुके, एक मिळाली तिचा भाता फाटलेला. उन्हात फिरून फिरून दोघींचे चेहरे टोमॅटोसारखे झाले. परत आलो तर रघुनाथराव सॅक्सोफोन पुसत बसले होते. पुसून तो त्याच्या खोक्यात कायमचा ठेवण्याच्या बेतात होते, हे मला पाठीवरूनच कळलं.

“कुणाकडे तरी असेल की हो एक साधी पेटी!” मी ओरडले. “एवढं मोठं कल्याण!”

तेव्हा त्यांना बाळाराम आठवला. कारखान्यातला जुना सोबती, शीळफाट्याच्या अलीकडच्या एका आगरी गावातला. त्यांच्या गावच्या भजनी मंडळाची पेटी होती. फोन स्पीकरवर लावला.

“पेटी हाय रं,” पलीकडून आवाज आला. “पन देवलाचे भायेर जात नाय. देवाची हाय ती. अन् उद्या माझे पोराची हलद हाय, तुला बोलावलेला ना? तूच ये हिकरं. पावन्यांना घेऊन ये. देवलानच वाजव.”

शीळफाट्याकडे

कल्याण-शीळ रस्ता हा एक स्वतंत्र अनुभव आहे. दोन्ही अंगांना चाळीस चाळीस मजली टॉवर, मधे मेट्रोचे खांब, सगळ्यावर पिठासारखी धूळ. एका टॉवरच्या मागे रिक्षा वळली आणि एकदम गाव. कौलं नाहीत आता, सगळे बंगले, पण विहीर आहे, चिंच आहे, आणि गावदेवीचं देऊळ आहे. देवळासमोरच मांडव.

आमच्याकडे हळद म्हणजे पाच सुवासिनी, थोड्याशा दूर्वा, आणि पोहे खाऊन सगळं आटोपतं. इथे मी रिक्षातून उतरले आणि तशीच उभी राहिले. चारशे-पाचशे माणूस तरी असेल. पुरुषभर उंचीचे स्पीकर. पिवळ्याधमक साड्या, गळ्यात सोनं असं की मला वाटलं ह्याच सगळ्या नवऱ्या. एकीकडे मटणाचे टोप रटरटतायत. मी शाकाहारी, मंगलचं घरही शाकाहारी, रघुनाथराव मात्र बाहेर खातात हे मला त्या दिवशी कळलं. तो आणखी एक धक्का. त्यांनी तांदळाची भाकरी रश्शात बुडवून, मऊ करून खाल्ली, तुकड्यांना हातही लावला नाही. मला बाळारामच्या बायकोने “बस गो बाय, तुला डाल-भात करतंय” म्हणून हाताला धरून बसवलं, आणि खरंच वेगळी चूल मांडली.

मांडवात हिराबाई नावाच्या म्हाताऱ्या धवला गात होत्या. धवला म्हणजे त्यांची लग्नगीतं. साधी चाल, तीन-चार सुरांची, तीच फिरून फिरून येणारी. पण शब्द दर वेळी नवे. समोर कोण आलं त्याचं नाव त्या ओळीत घालायच्या. माझ्याकडे पाहून त्यांनी मिरजेची पेटीवाली बाईसुद्धा ओळीत बसवली. मी थक्कच झाले.

पेटी देवळाबाहेर नेता येत नव्हती, म्हणून मी उंबऱ्याच्या आत बसले, देवीला पाठ होऊ नये म्हणून तिरकी. रघुनाथराव उंबऱ्याबाहेर, पायरीवर. बाळारामने स्पीकरवाल्यांना हाताने थांबवलं आणि माइकवर सांगितलं, “माझा कंपनीवाला दोस एक गाना वाजवनार हाय. गप ऱ्हवा.” कुणी गप राहिलं नाही.

मी भाता मारला आणि तिन्ही घरं एकदा चाचपून पाहिली. पेटी साधी, चिकट, कापराच्या वासाची. प्रत्येक सूर केसभर चुकीचा. पण तिसरं घर उभं होतं. मी देवीला मनातून हात जोडले.

रघुनाथरावांनी ठेका दिला आणि आम्ही सुटलो.

मूळ चाल दोनदा झाली. मला आजूबाजूचं काही दिसत नव्हतं, फक्त घरं दिसत होती, सात, पाच, काळी दोन, पाच, काळी दोन, सात. तेवढ्यात बाहेरून ढोलकी आली. हळदीत वाजवायला आलेल्या बँजो पार्टीतला एक माणूस ढोलकी मांडीवर घेऊन पायरीखाली बसला होता आणि त्याने ठेका धरला होता. मी मान वर केली, आणि माझी दातखीळ बसली.

बायका नाचत होत्या! ज्या गाण्यापुढे जगातले भले भले वादक घाम पुसतात म्हणे, त्या गाण्यावर पिवळ्या साडीतल्या आगरी बायका कमरेवर हात ठेवून, फेर धरून नाचत होत्या. कुणी त्यांना हे गाणं अवघड आहे असं सांगितलेलंच नव्हतं. नवरदेवाची आत्या तर शिट्टी मारत होती.

मग रघुनाथरावांची पाळी सुरू झाली. गॅलरीत त्यांनी घोटून घोटून बसवलेल्या लांब ताना मी शनिवारी ऐकल्या होत्या. त्यातली एक त्यांनी घेतली आणि मधेच तोडली. मला कळलं, दात सोसत नाहीयेत. पुढची अर्धीच घेतली. आता थांबणार, असं वाटलं. पण ते थांबले नाहीत. तोकडं तोकडं वाजवायला लागले. चार सूर, मग गप्प. चार सूर, मग गप्प. घरं मात्र पळतच होती. आणि त्या चार सुरांना मी ओळखलं. अगं बाई, हा धवला! मघाशी हिराबाई म्हणत होत्या तोच! एकदा पांढरी सातच्या घरात, लगेच पांढरी पाचच्या, लगेच काळी दोनच्या. तीच ओळ, तीन ‘सा’वर. हे गॅलरीतलं नव्हतं, कॅसेटमधलं नव्हतं. त्या पायरीवर, त्या क्षणी जन्मलेलं होतं.

हिराबाईंनीही ओळखलं. त्या उठल्या, पायरीपाशी आल्या आणि त्यांनी सरळ गायला सुरुवात केली. त्यांनी धरला तो पहिल्या घराचा ‘सा’, आणि तो काही हलणार नव्हता. मला वाटलं, संपलं, आता मांजरं! झालं उलटंच. रघुनाथराव दुसऱ्या घरात गेले की सूर एकमेकांना घासायचे, तिसऱ्यात गेले की आणखी घासायचे, आणि फिरून हिराबाईंच्या घरी आले की सगळं एकदम जुळायचं. ते जुळलं की मांडव ओरडायचा. पुन्हा निघून जायचे, पुन्हा यायचे, पुन्हा मांडव ओरडायचा. मी जन्मभर ‘सा’ धरून बसले, पण ‘सा’ सोडून जाऊन परत येणं म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात त्यांनी मान वळवून मला खूण केली. अक्का, तुमची पाळी. मी? मी मानेनेच नाही म्हटलं. त्यांनी सॅक्सोफोन तोंडातून काढला. आता वाजवणारी मीच उरले. मी काहीतरी सुरू केलं, दोन घरं पार केली आणि तिसऱ्यात बोटांचा गुंता झाला. अडखळले. नुसता भाता मारत राहिले, फुस् फुस्. त्या मूळ रेकॉर्डवरच्या पियानोवाल्याची आठवण आली आणि अशा स्थितीतही मला हसू फुटलं. रघुनाथराव तर मोठमोठ्याने हसत होते, रुमाल नाही, हात नाही, सगळे हलणारे दात दाखवून. मग त्यांनी माउथपीस दातांत धरला, चाल पुन्हा उचलली आणि आम्ही दोघांनी ती घरी आणली.

शेवटच्या सुरावर बाळारामने त्यांना उचललंच. हिराबाई म्हणाल्या, “पुन्हा वाजव रं, पाय आताशी मोकलं झालं.” पण रघुनाथरावांनी मान हलवली. माउथपीस पुसलेला रुमाल त्यांनी घडी करून खिशात टाकला. तो लाल झालेला मी पाहिला, मंगलनेही पाहिला.

डोंबिवली

सोमवारी दवाखान्यात मी आणि मंगल बाहेरच्या बाकावर बसलो. तिथूनच मला मिरजेची गाडी गाठायची होती, म्हणून पेटीही सोबत होती. भिंतीवर हसणाऱ्या बायकांची चित्रं होती. मला ती फाडावीशी वाटली. रघुनाथराव बाहेर आले ते तोंडात कापूस, गाल सुजलेले, वरचा ओठ आत गेलेला. एका तासात माणूस आपल्या बापासारखा दिसायला लागला. मला बघवेना.

बोलता येत नव्हतं. त्यांनी शर्टाच्या खिशातून माउथपीस काढला. तो घेऊनच ते खुर्चीत बसले होते. माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी मूठ मिटली.

“घेऊन जा तू,” मंगल हळूच म्हणाली. “घरात दिसायला नको असंल त्यांना.”

रस्त्यावर आल्यावर मी मूठ उघडून पाहिलं. काळ्या टोकावर, वरच्या बाजूला, दोन खाचा. समोरच्या दोन दातांच्या. इतकी वर्षं दात टेकून टेकून पडलेल्या, चांगल्या खोल. माझ्या अंगठ्याचं नख त्यात बसलं. त्या गजबजलेल्या डोंबिवलीच्या रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, मी हुंदके देऊन रडले, आणि ज्याचे दात गेले होते तो माणूस माझी पेटी उचलून रिक्षा थांबवत होता.

मिरज

आल्याबरोबर पेटी कारागिराकडे नेली. म्हटलं, हिचे सूर पुन्हा साधे करा. तो माझ्याकडे बघतच राहिला. “शुद्ध केलेले सूर चुकीचे करायला आलाय काय, अक्का? बरं आहे नव्हं?” मी म्हटलं, एका घराची पेटी मला नको. त्याने पुटपुटत कानस उचलली. माउथपीस मी पेटीच्या कप्प्यात ठेवला आहे.

मंगलचे फोन यायचे. कवळी बसली. बोलणं बोबडं झालंय. बँडवाल्यांनी खुळखुळा आणून दिला, ह्यांनी तो खुंटीला लावला. मी पुढचं विचारायची नाही आणि ती सांगायची नाही.

मागच्या आठवड्यात फोन आला तेव्हा मंगल काहीच बोलली नाही. नुसता आवाज. वासरू हंबरावं तसा एक लांब, थरथरता, मधेच फाटणारा सूर. मी घाबरून उठलेच. “मंगल! अगं काय झालं?”

“अक्का,” रघुनाथरावांचा बोबडा आवाज आला. “नवा माउथपीस आणला. जुन्या खाचेत कवळी बसली नसती. ह्याला अजून ओरखडासुद्धा नाही.”

माझ्या तोंडून, जन्माची खोड, निघूनच गेलं. “सा कुठला लावलाय?”

पलीकडे ते हसले. कवळी खडखडलेली मला ऐकू आली. “आता जो लागेल तो, अक्का.”

मी फोन स्पीकरवर टाकला, पेटी पुढे ओढली आणि भाता सोडला. तो सूर काळी पाचलाही नव्हता आणि पांढरी सातलाही नव्हता, दोन्हीच्या मधे कुठेतरी हेलकावत होता.

“फुंकत राहा,” मी म्हटलं. “मी शोधते.”